बरकार, हाजिर

हजेरीत माझं आडनाव बरकार.
अरबीत प नाही, म्हणून परकारचा बरकार झाला
आणि पासवर्डचा बासवर्ड, पॅकेटचं बॅकेट.
पहिल्या आठवड्यात मी दुरुस्त करायचो.
आता नुसता हात वर करतो.

फुजैरा. संध्याकाळी सात ते साडेनऊ.
कॉलेजच्या एका बाजूला डोंगर, झाडाचं नाव नाही,
दुसरीकडे समुद्रात तेलाची जहाजं
नंबर लागायची वाट बघत, दिवे लावून.
वर्गात मिसरूड फुटलेली पोरं, फार्मसीतली रोवेना,
आणि मी, बेचाळीस,
बुटांवर जिप्समची पांढरी धूळ.

अकरा वर्षं मी छतांतून केबल ओढली.
बँका, इस्पितळं, एक मॉल, त्याला जोडलेला दुसरा मॉल.
पोटावर सरपटत, तोंडात टॉर्च,
पलीकडच्या टोकाला बशीर ओरडणार, खेच!
आतून काय जातं हे कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
पाण्याचा पाईप असता तर निदान आवाज आला असता.

उस्ताजा इब्तिहालनी रॅकचं दार उघडलं
तर केबलींच्या लेबलांवर माझंच अक्षर.
सातला मधे आडवी रेघ, एकची मान वाकडी.
बोललो नाही कुणाला.
चोवीस नंबरची जरा ताणलेली आहे,
ते तेव्हाच खटकलं होतं.

मग शिकलो, आत यंत्रं कितीही असोत
बाहेरच्यांना पत्ता एकच दिसतो.
हे मला पाठ करावं लागलं नाही.
खोलीत आम्ही आठजण, पलंगावर पलंग,
कंपनीच्या वहीत एक ओळ: रूम बारा.

आणि हे की प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर एक आकडा असतो.
वाटेतला प्रत्येक राऊटर त्यातून एक वजा करतो.
शून्य झालं की फेकून देतात,
पण पाठवणाऱ्याला कळवतात, इथवर आलं होतं.
हमदान जांभई देत होता.
मी व्हिसाची तारीख मोजली, उगाच.

बशीरला मार्चात बँकेचा फोन आला होता.
बँकेचा नव्हता.
सहा आकडे मागितले, याने सांगितले.
किती अदबीने बोलत होता रे, म्हणाला.
सात हजार दिरहम, बहिणीच्या लग्नाचे.
त्याच आठवड्यात मी फीचा पहिला हप्ता भरला.
त्याला वाटतं मी त्याचे पैसे हुडकून आणीन.
मी म्हणतो, अजून लॉग वाचायला शिकतोय.
लॉगमध्ये वेळ असते, पत्ता असतो, सेकंदाचे तुकडे असतात.
अदब नोंदलेली नसते.

काल उस्ताजा म्हणाल्या, बिंग म्हणजे काय,
आपापल्या शब्दांत सांगा.
मी उभा राहिलो, इंग्रजी अडखळलं.
म्हटलं, मॅडम, पहिल्यांदा आलो तेव्हा
विमानतळावरून घरी एकच रिंग दिली होती.
उचलायचं नाही, असं ठरलेलं.
मग जुलेखाने तिकडून एक रिंग दिली.
पैसा लागला नाही, शब्दही नाही.
आहेस? आहे.
वर्ग हसला.
त्या हसल्या नाहीत. फळ्यावर लिहिलं, मिस्ड कॉल,
आणि खाली रेघ मारली.

आज खोलीवर येऊन
थोरलीकडून मागवलेल्या घरच्या पत्त्यावर बिंग सोडलं.
चार ओळी आल्या, चारही सारख्या: उत्तर नाही.
उत्तर नाही म्हणजे माणूस नाही असं नव्हे,
कधी कधी भिंत मुद्दाम गप्प बसते, हे पुस्तकात आहे.
दापोलीकडे लाईट गेली असेल, हे पुस्तकात नाही.

वरच्या पलंगावरून बशीर विचारतो,
आलं का काही?
पुन्हा पाठवतोय, म्हटलं.
तो शिडी उतरून खाली येतो,
माझ्या उशीशी बसतो,
स्क्रीनकडे बघत, काही कळत नसताना.