चौथी कड

हार्लिंगनच्या उत्तरेला, समुद्र आणि बटाट्याची शेतं यांच्यामध्ये
एक मातीचा बांध आहे. त्यावर मेंढ्या चरतात.
त्याचा एक काप, मीटरभर जाडीचा,
चित्स्के हूकेमाच्या पडद्यावर आडवा पडलाय.
अकरा हजार त्रिकोण आणि चार कडा :
एक समुद्राची, दोन गवताची, तीन चराची.
चार तळाची.

जलमंडळाचा प्रश्न दीड ओळीचा :
बांधातून दिवसाला किती पाणी झिरपतं?

त्या दीड ओळीसाठी
कडेकडेनं चालायचं, एकेक रेघ.
प्रत्येक रेघेवर बाहेर बोट दाखवणारा लंब.
त्या बोटाच्या दिशेनं दाब किती उतरतो ते बघायचं,
रेघेच्या लांबीनं गुणायचं, ओच्यात टाकायचं,
पुढची रेघ.

आतल्या रेघांचं काही करावं लागत नाही.
तिथे दोन त्रिकोण एकाच धुऱ्यावर उभे,
हा म्हणतो तुझ्याकडे गेलं, तो म्हणतो तुझ्याकडून आलं,
एकाचं अधिक तेच दुसऱ्याचं उणे.
भावकीतलं भांडण, घरातल्या घरात मिटतं.
उरतं ते फक्त वेशीवरचं.

पहिल्या रात्री
आत सात पूर्णांक एक, बाहेर सहा पूर्णांक चार.
मधलं पाणी प्यालं कोण?
तिनं जाळी बारीक केली. साठ हजार त्रिकोण, पंखा घोंघावला,
आकडा हलला, पण गोगलगाय हलावी तसा.
घोळ त्या कोपऱ्यात होता, जिथे उतार चराला भेटतो.
तिथे चढण विचारली की ती आभाळाला भिडते,
आणि जितकं जवळ जावं
तितक्या मोठ्यानं थापा मारते.

मग तिनं चढणीला विचारायचंच सोडलं.
कडेवरच्या बिंदूंना विचारलं,
तुम्हाला जागेवर धरून ठेवायला किती लागलं?
बिंदू सरळमार्गी.
आत सात पूर्णांक दोन, बाहेर सात पूर्णांक दोन,
चौदाव्या दशांशापर्यंत जमाखर्च जुळला.
गार कॉफी संपवून तिनं दिवा मालवला.

सकाळी वीब्रेन भेटला, बांधावरच.
सत्तरी गाठलेला. त्याची रीत वेगळी :
शंभर मीटरचं पाणी चरातून एका नळीला येतं,
नळीखाली बारा लिटरची बादली,
हातात घड्याळ.
अठरा मिनिटं.
त्यानं बादली पालथी करून पुन्हा मोजलं. अठरा.
चित्स्केनं हातमोज्यांतल्या बोटांवर हिशेब केला :
मीटरमागे दिवसाला नऊ पूर्णांक सहा.

"पाऊस?"
"आठवड्यात नाही."
"बादली?"
त्यानं बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
एक मेंढी खोकली.

"चौथी कड," ती म्हणाली, जास्त करून स्वतःशीच.
कारण या गणिताचा एक रिवाज आहे :
ज्या कडेबद्दल तुम्ही काहीच लिहीत नाही
तिथून काहीच वाहत नाही, असं धरलं जातं.
शून्यसुद्धा टाकावं लागत नाही.
गप्प राहिलं की झालं.
तळाला चिकणमाती, असं नकाशात होतं,
आणि ती गप्प राहिली होती.

"खाली जुनी खाडी आहे," वीब्रेन म्हणाला, "बुजलेली.
बाबा चर खणत होते, तेव्हा फावडं वाळूत गेलं."
किती रुंद?
त्यानं हात पसरले,
मग जरा जवळ आणले,
मग पुन्हा पसरले.

दुपारी तिनं चौथ्या कडेची ओळ लिहायला घेतली.
बरोबरच्या चिन्हापर्यंत आली.
कर्सर लुकलुकत राहिला.
ती त्या हातांमधलं अंतर आठवत होती,
पहिल्यांदा पसरले तेव्हाचं
की दुसऱ्यांदा.