डिचोली सात

सीडीवर मार्करने लिहिलंय : डिचोली, आणि पुढे इंग्रजी सात.
अक्षर कायतानचं.
सातच्या कमरेला आडवी रेघ,
आजोबांच्या पोर्तुगीज शाळेतून त्याच्या बोटांत उतरलेली.

सहा वाया गेल्या त्याआधी.
एक सातशे मेगाबाइटांत मावेना,
एक जळता जळता वीज गेली,
एकीवर त्याने चहाचा ग्लास ठेवला
आणि म्हणाला, ही बरी जमली, ग्लास हलत नाही.

तेव्हा बसस्टँडच्या मागे आमचं दुकान,
दाराला खनिजाची लाल धूळ.
ट्रक ऑफिसांतले कॉम्प्युटर महिन्या-दीड महिन्याने यायचे,
पंख्यात माती, पोटात व्हायरस.
पुसायचं, पुन्हा बसवायचं.
आणि दर वेळी मामलेदाराच्या खिडकीसारखे तेच प्रश्न :
नाव काय, घड्याळ कुठल्या देशाचं,
पैशाची खूण कोणती, मान्य आहे का, मान्य आहे का.
दिवस जायचा नुसतं ‘पुढे’ दाबण्यात.

म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवली एका फाइलीत,
यंत्राने विचारायचंच नाही.
वजनकाट्यावरच्या खडखडणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर घातला,
भजनी मंडळाच्या पत्रिकेसाठी दोन देवनागरी फॉन्ट,
नेटवर्क कार्डं तीन.
जगात असतील हजार जातींची, डिचोलीत तीनच.
जड जड काय काय उपटून टाकलं.
पत्त्यांचा डाव मी काढणार, तर कायतानने माउस धरला :
राहू दे रे. खाण बंद पडली तर माणसांनी करायचं काय?

(पुढे पडली. शेट्यांच्या ऑफिसात दोन वर्षं तेवढंच चाललं.)

एकच रकाना रिकामा सोडता येईना : मालकाचं नाव.
त्याने स्वतःचं घातलं.
मागाहून बदलू.

मागाहून सी ड्राइव्ह शेकड्याने पुसले आम्ही.
डीला हात नाही, हा दुकानाचा एकुलता एक नियम,
डीमध्ये लोकांचे फोटो असतात.
आणि ट्रक ऑफिसांत, दाताच्या डॉक्टरकडे, सोसायटीत,
सगळीकडे मालक कायतान.
देवस्थान समितीचे खजिनदार मळीक एकदा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
हा कायतान कोण हो?
बसवणारा, म्हटलं.

आता तो स्विंडनला, गोदामात, रात्रपाळी.
फोनवर कधी कधी फक्त श्वास आणि फोर्कलिफ्टचा पीं पीं.

काल शाळेतल्या उत्तमा टीचरनी जुनं मशीन रिक्षातून पाठवलं.
मार्कांचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणे.
डिचोली सात शोधली, तर काठाला बुरशी,
रांगोळीसारखी आत आत सरकणारी.
बनियनच्या कापडाने पुसली,
मधून बाहेर, गोल नाही, तसं त्यानेच शिकवलेलं.
त्र्याण्णव टक्क्यांवर ड्राइव्ह कण्हला, थांबला,
मग निघाला.

पेनड्राइव्हवर घेतली. उत्तरांची फाइल उघडली.
मालकाच्या नावाशी कर्सर लुकलुकतोय.
वरच्या ओळीत, यंत्र वाचत नाही अशा ठिकाणी,
रोमी लिपीत, मी इतक्या वर्षांत न पाहिलेलं :
हांगा हात लायनाका, पात्रांव.

नाही लावला.
एक सर्व्हिस पॅक तेवढा नवा घातला आणि वर नाव दिलं डिचोली आठ.

स्क्रीनवर आलं : अजून एकोणचाळीस मिनिटं.
हा आकडा खोटा असतो.
कधी पंचवीसात आटपतं, कधी तास जातो,
आम्ही त्यावर पैज लावायचो, हरला तो भजीपाव आणायचा.
खुर्ची ओढून बसलो.
स्विंडनला आता पहाटेचे चार असतील.
त्याला विचारलं, किती?
दोन निळ्या खुणा उमटल्या.
उत्तर आलं :
डी ठीक आसा मरे?