तांडेली, क्रमांक बारा

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापूस अंथरून
मी एकतीस चाकू निजवले आहेत.
सगळे घडीचे, खिशात मावणारे.
दर अमावास्येला काढतो, पुसतो,
सांध्यात तेलाचा एकेक थेंब सोडतो.
खाडीचा वारा पोलादाला वर्षभर चाटत असतो
आणि देवगडात गंज कुणाची ओळख ठेवत नाही.

हा कलमाचा. शेपटीला हाडाची पट्टी,
आंब्याला न दुखवता साल उचलायची.
हा चोचीसारखा वाकडा, केळशीच्या बाजारात घेतलेला.
मूठ सांबरशिंगाची, असं विकणारा म्हणाला.
म्हशीची आहे.

आणि ही तांडेली.
पात्याला टोकच नाही, पुढून खाली उतरतं, बकरीच्या खुरासारखं.
डोलकाठीवरून हातातून सुटली
तर खालच्या माणसात घुसू नये, म्हणून.
कुठल्या तरी बंदरात कुणीतरी एकदा घाबरला असेल;
पुढचे सगळे लोहार त्याची भीती घडवत आले.

कासम होडेकरच्या आज्याची ती.
विजयदुर्गच्या धक्क्यावर दोर कापता कापता त्याने दाखवली.
म्हटलं, नमुना घेतो, आठ दिवसांत परत.
त्याने सरळ हातात दिली.
सुरी हातात देऊ नये, खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी,
हे त्यालाही माहीत, मलाही.
दोघेही हसलो.

पडेलला दाजी मेस्तने भात्यापुढे ती उघडली, मिटली,
कानाशी नेऊन पुन्हा मिटली.
मी डेपोतून एस.टी.च्या पाट्याचा तुकडा नेला होता
(स्टोअरच्या वहीत तो अजून 'भंगार' आहे).
"वापरूक व्हयी, की ठेवूक?"
वापरायला, मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

दाजीने सगळं उतरवलं. नखाची खाच,
पितळी खिळ्याचं जरासं डावीकडे सरकणं,
आज्याच्या अंगठ्याने मुठीत पाडलेली खळीसुद्धा.
साठ वर्षांचा अंगठा,
कानशीने, दोन तासांत.

नवव्या दिवशी मी कासमला नवी दिली.
त्याने उघडली. खळीत अंगठा ठेवला.
अंगठा तिथे जरा थांबला.
मग मिटून कमरेला खोचली
आणि भरतीबद्दल काहीतरी बोलला.
त्यानंतर चहाला आला नाही. अठरा वर्षं.
रस्त्यात भेटला की "बरं ना?" एवढंच.

मी वहीत लिहिलं होतं:
क्रमांक बारा, तांडेली, अस्सल.

परवा त्याची जुलेखा आली.
चप्पल काढली नाही. रुमाल उलगडला,
पायरीवर ठेवली. हातात नाही.
"तुमची वस्तू. देऊन ये म्हणाले होते, जायच्या आधी."
शेवटची एस.टी. होती, थांबली नाही.

पातं निम्मं उरलंय,
दगडावर घासून घासून मध्ये पोटात गेलेलं.
वास सुकटीचा, डांबराचा, तपकिरीचा.
आणि ती कानशीची खोटी खळी
आता खोल झालीय, कडा विरघळल्यात.
माझा अंगठा तिथे बसत नाही.

डब्यातली काढली, आज्याची.
अठरा वर्षं मीच पुसलेली. हिला तेलाशिवाय वास नाही.
दोन्ही कानाशी नेऊन मिटल्या.
एकीचा खटका मऊ,
दुसरीचा अजून टक्क, दाजीच्या भात्यापुढचा.

वही उघडून बसलोय. क्रमांक बारा.
त्या एका शब्दावर काट मारायची की नाही
ते ठरत नाही, आणि पेन्सिलही बोथट झालीय.
पायरीवरून उचललेली उघडतो.