दीड बोट

टायर आणि मडगार्ड यांच्यात
चार बोटं मोकळी जागा.
कंपनीने सोडलेली ही फट
तीन वर्षं डोळ्यात खुपतेय माझ्या,
नव्याकोऱ्या बुटांवर
आखूड झालेली पॅन्ट खुपावी तशी.

शृंगारतळीला, अनीस परकारच्या गॅरेजात
दोन खोकी उघडून ठेवलीत बाकड्यावर.
एकात पंचवीस मिलिमीटर खाली नेणाऱ्या स्प्रिंगा,
दुसऱ्यात चाळीस.
लालभडक, प्रत्येक वेढ्यावर तेलाचा पातळ हात.
मी चाळीसवाली उचलते. तिचा थंडपणा आवडतो मला.
अनीस काही बोलत नाही. चहा सांगतो.

मग म्हणतो, जुन्या शॉकवर ही चढवलीत
तर दोन महिन्यांत शॉक तेल ओकेल.
स्प्रिंग हट्ट धरते, मॅडम,
समजूत काढायची शॉकने.
हट्ट वाढवलात तर समजूत काढणाराही
तेवढाच जबर आणावा लागतो.

किती?

बॉनेटवरच्या तांबड्या धुळीत
तो बोटाने आकडा लिहितो.
मी तळहाताने पुसते.
तो पुन्हा लिहितो. दीड हजार कमी.

आणि पान्याने खालीवर होणारे, ते कॉइलओव्हर?
ते पुण्याला घाला. इथे त्यांच्या आट्यांत
खाडीचं मीठ जाऊन बसतं,
दुसऱ्या वर्षी पाना फिरत नाही,
गिऱ्हाईकाचं डोकं फिरतं.

मी सांगते त्याला कुंभार्लीचं:
तिसऱ्या वळणावर गाडी कशी कलते
एका अंगाने माल भरलेल्या होडीसारखी,
आणि मला ती कशी हवी,
रस्त्याला धरून, भिंतीवरच्या पालीसारखी.

घाटात किती वेळा जाता?
महिन्यातून दोनदा.
आणि फेरीत?

मी कपातली साय बोटाने बाजूला करते.
घर दाभोळला, बँक गुहागरला.
रोज दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला
धोपाव्याच्या जेट्टीवर
अनीस शेवाळात उताणा पडलेला,
हातात टेप, कानावर खडू.
फेरीचा लोखंडी फळका उताराला टेकतो
तिथे नेमका एक कोपरा होतो,
गाडीचं नाक आधी पोचतं, चाक मागाहून.

लवू भुवड, फेरीवरचा खलाशी,
दोर गुंडाळता गुंडाळता बघत उभा.
तिथीची पाऊणपट करा, बाई, म्हणतो.
आज चतुर्थी. तीनला भरती,
म्हणजे नवाला सुकती.
सुकतीला फळका असा पडतो,
आणि पंजा मनगटातून खाली मोडून दाखवतो.

अनीस उठतो, पाठीवर हिरवा डाग.
चाळीस घातल्यात, तर दर चतुर्थीला
रजा टाकावी लागेल बँकेत.

पंचवीस बसवल्या मग. नवे शॉकही.
चार बोटांतली अडीच उरली.
शेजारच्यांना फरक कळला नाही,
भावाला फोटो पाठवला तर म्हणाला,
हवा कमी झालीय का टायरमधली?

पण कुंभार्लीच्या तिसऱ्या वळणावर
मागच्या सीटवरची छत्री
पहिल्यांदाच जागची हलली नाही.
मी आरशात दोनदा बघून घेतलं.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरात
मी आधी तिथी बघते, वार मागाहून.
कृष्ण चतुर्थी, नऊ वाजून पाच.
काच खाली, रेडिओ बंद, पहिला गिअर.
लवू हात हलवतो, या, या, या,
आणि मी कान लावून बसते
पोटाखालच्या त्या एका आवाजासाठी.

येत नाही. फक्त
फळक्याखाली पाणी चुबकतं.

चाळीसचं खोकं विकू नकोस,
असं अनीसला सांगून ठेवलंय.
खाडीवर पूल होणार म्हणतात.
लवूसमोर मात्र
हे बोलत नाही मी.