चौथी चौकट

केमी बंदर, फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणतीस.
बर्फफोड्या जहाजावरचा इंजिनाचा पडदा
पहाटे तीन बारापासून एकच आकडा धरून बसलाय:
तेलाचा दाब, चार पूर्णांक एक.
प्रोग्राम मेलेला नाही. थांबलाय.

सानेल्मा डीबगर जोडते.
"खालून वाच," ती म्हणते. "तळाला मेन.
त्याने फेरीला बोलावलं, फेरीने मोजणीला,
मोजणी मेमरी मागायला गेली.
प्रत्येकाच्या खिशात परतीचा पत्ता."

मग चौथी चौकट.
कोनी कंसात नुसती एक ओळ: सिग्नल आला, हँडलर धावला.
ना फाईलचं नाव, ना ओळीचा आकडा.

मी सगळा कोड धुंडाळला.
हँडलरला कुणीच बोलावत नाही.
"नाहीच बोलावत," ती म्हणाली. "तो येतो.
कर्नल सगळ्यांचे हात होते तिथे थांबवतो,
एकूण एक रजिस्टर स्टॅकवर मांडून ठेवतो,
आणि परतीचा म्हणून भलताच पत्ता लिहितो,
दोन-तीन सूचनांचा एक बारका तुकडा.
डीबगर तो तुकडा ओळखतो, म्हणून कंस घालतो.
नाहीतर आपण म्हटलं असतं,
खालच्यानेच हाक मारली."

कॉफीचा घोट. थंड झालेली.

"आणि हे बघ. एरवी तो परतीच्या पत्त्यातून एक वजा करतो,
कारण हाक मारून झालेली असते, पत्ता तिच्या पुढचा असतो.
या कंसाखाली वजा करायचं नाही, ओट्सो.
इथे दिसते ती सूचना अजून घडलेली नाही.
पाय उचललाय. टेकलेला नाही."

तिच्या खणात एक करडा पायमोजा असतो,
टाच अर्धी, सुया तशाच अडकलेल्या.
मला वाटायचं, कंटाळून सोडला असेल.
"फोन वाजला तेव्हा एकतीस टाके झाले होते," ती म्हणाली,
"बत्तिसावा सुईवर आहे."
कुणाचा फोन, ते मी विचारलं नाही.
केमीत विचारत नाहीत.

मी वरच्या चौकटींकडे वळलो.
शून्य: कुलुपाशी उभा.
एक: मेमरी मागतोय.
हँडलरला फक्त लिहून ठेवायचं होतं, की काहीतरी आलं.
लिहायला मेमरी हवी.
मेमरीचं कुलूप पाचव्याच्या मुठीत,
आणि पाचवा तर कंसाखाली, पाय उचलून.
वरचा परतल्याशिवाय तो हलणार नाही,
तो हलल्याशिवाय वरचा परतणार नाही.

"हँडलरने नुसता झेंडा वर करायचा," मी म्हणालो,
"आणि लगेच परतायचं. लिहिणं मागून, फेरीत."
"हो," ती म्हणाली. "पुस्तकात असंच आहे."

रेडिओवर जहाजावरून यार्मो: मारू का, पुन्हा चालू करू?
"थांब. आधी हे जतन करते."
मग, बऱ्याच वेळाने: "मार."

चार पूर्णांक शून्य. तीन पूर्णांक नऊ.
दूर बर्फ तडकल्याचा आवाज काचेपर्यंत आला.
तिने गुडघ्याने खण ढकलला.
पुरता बसला नाही,
सुई आड येत होती.