किरकोळ खर्च

खानापुरात, कौलांच्या भट्टीमागं आमच्या क्लबाचं मैदान.
सॉ मिलचा भुसा टाकून मऊ केलेलं,
तरी ढोपरं सोलायचीच.
पाटी दोन लिप्यांत असावी की तीन,
यावर दोन बैठका मोडल्या,
म्हणून पाटीच नाही.

मी खजिनदार.
फक्कीची पिशवी, ढोपरपट्ट्या, मलमाची डबी,
सगळं वहीत उतरवलेलं.
आणि जूनच्या पानावर, माझ्याच अक्षरात :
ग्लास, प्लॅस्टिकचा, हिरवा, नग एक, रुपये पंधरा.
तपशील : किरकोळ.

त्याच महिन्यात बस्त्याव सिद्दी आला होता,
जंगलाकडच्या वस्तीतून, पहिल्या बसनं,
कुरळ्या केसांत सागाच्या पानाचा चुरा.
कुणी काही म्हणालं नाही.
मीच न सांगता
माठाशेजारी दुसरा खिळा ठोकला.

कबड्डी खेळच असा बघा ओ,
शिवल्याशिवाय खेळताच येत नाही.
दस्तगीर त्याचा घोटा धरायचा, भरमा कंबर,
मल्लेशी मागनं ओरडायचा, "हिडी! बिडब्याड!"
चौघांचा घाम एकाच भुशात,
आणि शिट्टी वाजली की
तहान तेवढी वेगळी.

कित्तूरच्या सामन्यात कडेनं कुणीतरी ओरडलं,
"ह्याला आफ्रिकेहून आणलासा काय रे?"
बस्त्याव तेव्हा पलीकडच्या अंगणात.
उत्तर द्यायचं तर दम सुटतो,
दम सुटला की बाद.
कबड्डी कबड्डी कबड्डी,
तिघांना शिवून परत आला.

टेम्पोत, बऱ्याच वेळानं म्हणाला,
"माझी आजी ह्याच जंगलात मध काढायची.
तिची आजी पण.
त्याच्या आधीचं मला म्हाईत नाही.
तुमाला हाय?"
टेम्पोत कुणालाच नव्हतं.

त्या संध्याकाळी दस्तगीरनं
हिरवा ग्लास खिळ्यावरनं काढला,
माठात बुडवला, प्याला.
मग मल्लेशी.
मग भरमा, मिशा पुसत.
बस्त्याव घोट्याची पट्टी सोडत बसलेला.
त्यानं बघितलं नाही. किंवा बघितलं.

माझ्यापुढं ग्लास आला तेव्हा
मी म्हटलं, आज उपास आहे.
सोमवार होता, खरंच.
पण पाण्याला उपास नसतो,
हे दस्तगीरलासुद्धा ठाऊक होतं.
भरमानं ग्लास पालथा घातला
आणि चप्पल शोधायला लागला.

सगळे गेल्यावर, कुलूप लावायच्या आधी,
दाराबाहेर कुणी नाही ना बघून
मी त्यातनं प्यालो.
इथल्याच मातीचा माठ, इथलंच पाणी.
चव तीच.

खिळा उपटलाय, भिंतीला भोक राहिलंय.
उद्या वही तपासायला जाणार,
आणि मी जूनचं पान उघडून
कधीचा पेन धरून बसलोय,
किरकोळच्या पुढं काय लिहावं.
बाहेरनं बस्त्याव हाक मारतोय,
"खजिनदार, फक्की संपली ओ,
रेघ अर्धीच झालीय!"