पांढऱ्यातला पांढरा

अक्कलकोट रोडच्या डायहाउसात तीस वर्षं
मी रंग चिमटीत ओळखला.
मिठाने फुगवलेला निळा नखाला आधी कळतो,
डोळ्याला मागाहून.
शेठ म्हणायचा, राजेशम, किलोमागे पावशेर जाऊ दे,
टॉवेल लांब जाणार,
धुताना आपण थोडंच असणार तिथे.
मी जाऊ दिलं.

अप्पा मागावर होता. त्याला ताडीतलं कळायचं म्हणे.
शिंदीची झाडं गावातून केव्हाच गेलेली,
दुकानातली ताडी एक दिवस आटली नाही.
पांढरा फेस, साखरेची गोडी,
आणि तळाशी क्लोरल.
अप्पा झोपला तो झोपलाच.
कागदावर लिहिलं: हृदयक्रिया बंद.
आईने अंगठा दिला, सूप पुढे ओढलं,
हजार विड्या पुऱ्या केल्या आणि मग रडली.
त्या दिवशी तिची एकही विडी छाट निघाली नाही.

पुढे गल्लीत कुणी खोकत नव्हतं
तरी खोकल्याच्या बाटल्या नाल्यात वाजायला लागल्या.
मग गोळ्या आल्या. पोरं त्यांना बटण म्हणत.
शर्टाला नसली तरी खिशात असत.
त्यातही खोटी निघायची, नुसता खडू,
त्या दिवशी पोरं जास्त मारामारी करायची.

आता आमच्या मागची शेड कुणीतरी भाड्याने घेतलीय.
माग सगळे भंगारात गेले,
तरी रात्रभर मीटर फिरतो.
वॉचमन गुंडला पूर्वी सगळ्या गावाच्या खबरा सांगायचा,
हल्ली फक्त हवापाण्याचं बोलतो.

परवा भाचा आला. कार्तिक. गालफडं बसलेली,
दात एकमेकांवर घासत होता, उभ्याउभ्याच.
खिशातून नखाएवढी पुडी काढली.
"मामा, तुम्ही ओळखता की ओ. बघा ना, खरं आहे का?"

मी ट्यूबखाली धरली.
निळ्यातलं मीठ मी सांगेन, लालातला भुसा सांगेन.
पांढऱ्यातला पांढरा कसा सांगू?
आणि खरं म्हणजे तरी काय, ह्यात?
रंग सुटला तर गिऱ्हाईक टॉवेल तोंडावर आणून फेकायचं,
आईबहीण काढायचं.
ही पुडी परत घेऊन येणारा
अजून कुणी पाहिला नाही.

तो ऐकत नव्हता. तराजूकडे बघत होता.
रंगाचा बारीक तराजू. मी ठेवली पुडी,
का ठेवली, विचारू नका. तीस वर्षांचा हात आहे.
वजनात मारलं होतं.
"चोर साले," कार्तिक म्हणाला, खरोखर दुखावून,
आणि पुडी जपून, दोन घड्या घालून,
आतल्या खिशात ठेवली.

जाता जाता दारात थांबला.
पोत्यांवर हात फिरवत म्हणाला,
"मामा, हे मीठ कितीला पडतं?"

मी भाव सांगितला.
तो गल्लीच्या टोकाला पोचला असेल
तेव्हा मला कळलं
त्याने काय विचारलं होतं.